टाकीचं टोपडं

३ फेब्रुवारी, सोमवार

हे मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. मला अक्षर येत नाही. मापाची टेप वाचता येते, बाकी कागद माझ्या लेखी नुसता कागद. ही कल्पना तिची. म्हणाली, "आई, दिवसभर तुम्ही थोडं थोडं ऐकवता, त्यापेक्षा संध्याकाळी एकदाच बसून सगळं सांगा, मी लिहून घेते. मग दोघींना शांतता." मी बरं म्हटलं, पण एक अट घातली. मी सांगेन ते तसंच्या तसं लिहायचं, तिच्याबद्दल असलं तरी. तर पहिलं लिही, आजचा चहा पाणचट होता. लिहिलंस?

आता मुद्द्याचं. माझा मुलगा लोकांच्या घरी जाऊन रक्त काढतो. काम नवं आहे. लॅबच्या मॅडमनी त्याला पुलापलीकडचा सगळा भाग दिलाय, पण कच्चा. महिनाभर बघू, जमलं तर कायम करू, असं. सकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दंडाला रबर बांधायचं, नळ्या भरायच्या, थंड डब्यात ठेवायच्या आणि रक्त खराब व्हायच्या आत लॅबमध्ये नेऊन द्यायच्या. हात चांगला आहे त्याचा, सुई गेलेली कळत नाही. मी स्वतः टोचून घेतलीय म्हणून सांगते. पण डबा नेणार मोटरसायकल, आणि ती आज दारातच मेली.

किका मारून मारून त्याचा शर्ट भिजला. शेवटी समोरच्या मेकॅनिककडे ढकलत नेली. या मेकॅनिकला आम्ही 'होईल' म्हणतो, कारण काहीही विचारा, तो तेवढंच म्हणतो. ब्रेक लागत नाही, होईल. हॉर्न वाजत नाही, होईल. त्याचं दुकान माझ्या खिडकीसमोरच आहे, त्यामुळे तिथलं सगळं मला दिसतं आणि बरंचसं ऐकूही येतं. त्याने कार्बोरेटर खोलला, खालची वाटी काढून पालथी केली, तर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे मणी.

पाणी कुठून आलं म्हणाल, तर आमच्या इमारतीच्या टाकीचा पाइप बरोब्बर मोटरसायकलवर गळतो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या कडेने आत झिरपत असणार. गाडी हलवायला दुसरी जागा एकच आहे. तिथे वरच्या मजल्यावरच्या सल्लागारांची कार उभी असते. ती कधी चालत नाही, आणि सल्लागारांचं तोंड कधी थांबत नाही.

'होईल'ने टाकी रिकामी केली, सगळं धुतलं, गाडी चालू झाली. मला खिडकीतून म्हणाला, "आजी, झाकण नीट झाकायला सांगा. नाहीतर पुन्हा पाणी जाणार."

झाकायचं काम म्हणजे माझंच काम.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आयुष्यभर मी खोळी शिवल्या. गाद्यांच्या, सोफ्यांच्या, शिलाई मशीनच्या, एकदा तर एकाच्या पोपटाच्या पिंजऱ्याची. आज टाकीच्या झाकणाला टोपडं शिवलं. वरून जाड रेक्झिन, आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, शिवणीवरून मेण फिरवलं, कडेला दुहेरी इलॅस्टिक. झाकणाभोवती असं घट्ट बसतं की काढताना दोन्ही हात लागतात. पाण्याचं सोडा, वाराही आत शिरणार नाही.

मुलगा म्हणाला, "आई, मोटरसायकल आहे ती. तान्हं बाळ नाही."

"तान्हं बाळ निदान रडून सांगतं तरी," मी म्हटलं.

घातलं मुकाट. चालवतानाही काढायचं नाही अशी ताकीद दिलीय. एकदा काढलेली वस्तू या घरात परत सापडत नाही. सूनबाईच्या छत्र्या सगळ्या अशाच गेल्या.

नातीच्या फ्रॉकला एक काज राहिलं होतं, ते सूनबाईला करायला दिलं. केलं. बटणालासुद्धा आत जाववणार नाही असं काज. एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि शेवटी गाठ एवढी की वाटाणा. पेन का थांबलं? अटीत बसतं हे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तेच. पुलाच्या चढावर गाडी आधी गचके द्यायला लागली आणि मग बंद. थोडं थांबला, टाकीत पेट्रोल आहे ना म्हणून झाकण उघडून बघितलं. होतं भरपूर. किक मारली, चालू. टोपडं परत घालून निघाला, पुढे जाऊन पुन्हा बंद. लॅबमध्ये उशिरा पोचला. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघितलं म्हणे. बोललेलं परवडतं.

'होईल' म्हणाला, पाण्याबरोबर टाकीतला गंजही आलाय, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय. टोपडं ओढून काढलं आणि फेकलं ऑइलच्या डबक्यात. माझ्या डोळ्यांदेखत. मग आतले बारीक भोकांचे जेट काढून तारेने साफ केले, हवा मारली, जोडलं आणि गाडी घेऊन चक्करला गेला. चांगला लांब जाऊन आला. गाडी एकदाही अडखळली नाही.

"ठीक आहे की गाडी," तो मुलाला म्हणाला. "तुम्ही तिला आवडत नसाल."

मी टोपडं आणवून घेतलं, पुसलं, परत घातलं. बाकी सगळे गाडी बिघडवतात, तेवढी एक मीच तिची काळजी घेते.

९ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी बंद पडली, शनिवारी बंद पडली. त्यामुळे आज मुलाने ठरवलं, आपणच खोलायची. बाहेरच्या खोलीत चादर अंथरून कार्बोरेटरचे तुकडे मांडले. पेट्रोलच्या वासाने माझं डोकं चढलं. मोबाइलवर कुणीतरी माणूस कार्बोरेटर खोलून दाखवत होता, तो फार हसत होता. त्याचे स्क्रू सहज निघत होते. आमचा एक निघेना. निघाला तेव्हा स्प्रिंग उडाली ती कपाटाखाली. शेवटी माझ्या शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून मीच बाहेर काढली. नात म्हणाली, "आजी, मासा मिळाला." बापाला हसू आलं नाही.

मी तोवर टोपडं माझ्याकडे घेतलं होतं. डबक्यात पडल्यापासून इलॅस्टिक जरा सैल वाटत होतं, म्हणून नवं घालत बसले. जोडाजोड झाल्यावर तो गाडी घेऊन गेला आणि इतका वेळ आलाच नाही की मला काळजी लागली. आला तो चेहरा फुलवून. पूल चढला, उतरला, परत चढला, लांबच्या पंपावर टाकी फुल करून आला. कुठे म्हणून अडकली नाही.

"सापडलं, आई. फ्लोट अडकत होता."

फ्लोट म्हणजे काय मला माहीत नाही, पण मीही खूश झाले. टोपडं नव्या इलॅस्टिकने पहिल्यापेक्षा घट्ट बसवून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुलापर्यंतसुद्धा पोचली नाही. आज तर नेहमीपेक्षा लवकर बंद. टाकी फुल असली की लवकर बंद पडते, कमी असली की जरा दूर जाते, असं त्याचं म्हणणं. याला काही अर्थ आहे का? पोट भरलेलं असताना कोण चालायचं थांबतं. मी थांबते म्हणा.

ढकलत, चालू करत, थांबत जाईपर्यंत रक्त खराब झालं. मॅडमनी परत पाठवलं, पुन्हा काढून आणा म्हणून. त्यात एक आजोबा आहेत, त्यांनी दंडावरची बाही खाली ओढून घेतली आणि म्हणाले, "सकाळी दिलं ना? माझ्या अंगात काय नळ बसवलाय?" मुलाने हात जोडले. घरी आल्यावर हे सांगताना त्याला हसायचं होतं, जमलं नाही. जेवणही अर्धं टाकलं.

मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून सूनबाईवर काढला. मिठावरून. लिहून ठेव, मीठ बरोबर होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वरचे सल्लागार खाली आले. हात मागे बांधून गाडीभोवती फिरले, जसं काही घर विकत घ्यायचंय. "वहिनी, पेट्रोलच भेसळीचं असणार. पंप बदला." पंप बदलला. बंद पडली. "मग प्लग." प्लग काढला तर छान तांबूस, 'होईल' म्हणाला याला काही झालेलं नाही. तरी बदलला. बंद पडली. "मग वजन जास्त होत असेल." आता डब्यातल्या चार नळ्यांचं किती वजन होणार. मी म्हटलं, "तुमचे सल्ले काढून ठेवले की हलकी होईल." वर गेले.

सूनबाईने आज तेलाचा नवा डबा उघडला. एकच भोक पाडलं आणि डबा पालथा धरून बसली. तेल थेंब थेंब येतंय, मग तेही थांबलं. बालवाडीत एवढ्या पोरांना शिकवते आणि एवढं कळत नाही. मी उठले, पलीकडच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडून दिलं. धार लागली. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल गं? हे पण मीच सांगायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

'होईल'ने आपल्या दुकानातल्या दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर काढून आमच्या गाडीला लावून बघितला. चांगला आहे तो, त्यात संशयाला जागा नाही. स्वतः चालवून आला. झकास. मी समोर जाऊन त्याच्या बाकावर पडलेलं टोपडं उचललं आणि घातलं. मुलगा कामावर गेला. पुलावर बंद.

मग दोघांचं भरस्त्यात जुंपलं.

"माझ्या हातात चालते, तुमच्या हातात बंद. मी काय करू?"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं कुठे म्हणालो मी? चालवता कशी तेवढं विचारतोय."

"दोन्ही पाय एका बाजूला टाकून. कशी चालवतात?"

'होईल'ने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "नाही होत." हा शब्द त्याच्या तोंडून मी प्रथम ऐकला. डॉक्टरने चष्मा काढून बाजूला ठेवावा तसं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमचा फोन. पुढच्या सोमवारपासून पुलापलीकडचा भाग दुसऱ्या माणसाला द्यायचं चाललंय. हा आठवडा एकदाही उशीर झाला नाही तर बघू. ओरडल्या नाहीत. उलट समजुतीने बोलल्या, त्यामुळे जास्त लागलं त्याला.

फोन ठेवून तो पायरीवर बसला. म्हणाला, "गाडी विकून टाकतो. पुन्हा गोदामात जाईन पोती मोजायला." त्या गोदामात तो होता तेव्हा घरी यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. रक्त काढायला लागल्यापासून घरी येऊन बोलतो. कुठल्या आजीने लाडू दिला नाही पण आशीर्वाद दिला, कुठल्या काकांना सुई बघून चक्कर आली. मला ते ऐकायची सवय लागलीय.

मी काठी घेतली, खाली गेले आणि टाकीवर एक ठेवून दिली. पोचा पडला नाही. पडायला हवा होता.

"तिला मारून काय होणार, आई," तो म्हणाला. "मी काय काय करून बसलोय. बंद पडली की झाकण उघडून बघतो, नुसता फुस्स असा आवाज येतो, मग किक मारली की चालू. जशी काही माझी गंमत करते."

हे मी आत्ता सूनबाईला सांगितलं, तर हिने लिहायचं थांबवलं. म्हणाली, "फुस्स? आवाज कधी येतो, उघडताना?" मी म्हटलं, हो, पेट्रोलची वाफ असेल. "आणि आई, 'होईल'भाऊ चालवून बघतात तेव्हा तुमचं टोपडं असतं का वर?" मी म्हटलं, कसलं असतंय, तो मेला ते कुठेही फेकतो, तेच तर मी इतके दिवस सांगतेय. त्यावर ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि तेलाच्या डब्याकडे बघत उभी राहिली. तेल तर भरपूर आहे. या घरात सगळ्यांनाच काहीतरी झालंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज नाही बंद पडली.

जास्त बोलत नाही. दृष्ट लागायची. सकाळी मी उठले तर टोपडं दोरीवर वाळत होतं. सूनबाईने धुतलं म्हणे. धुवायला काय झालं होतं, मी परवाच पुसलं होतं. मुलगा आज त्याच्याशिवायच गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. सूनबाईने टोपडं स्वतःच्या हाताने झाकणावर घातलं आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत दारात उभी राहिली. शाळेला उशीर झाला तिला. संध्याकाळी तो आला आणि तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून काय खाणाखुणा करतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडा पार पडतोय. रोज वेळेत. त्या नळवाल्या आजोबांनी आज आपणहून बाही वर केली.

आता श्रेय घ्यायला रांग लागलीय. 'होईल' म्हणतो, त्याने शेवटी कार्बोरेटर परत बसवताना एक स्क्रू अर्धा आटा सैल सोडला होता, त्याचाच गुण. सल्लागार म्हणतात, नव्या पंपाचं पेट्रोल आता कुठे अंगी लागलं. मी कुणाला काही बोलले नाही, पण तुला सांगते, माझी काठी बसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती सुधारलीय. तारीख तपासून बघ. हसतेस काय?

२२ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. पुलापलीकडचा भाग त्याच्याकडेच. कायम. तो एवढंच म्हणाला, "हो मॅडम, हो मॅडम," आणि फोन ठेवून नातीला उचलून गरागरा फिरवलं. तिने सरबत प्यायलं होतं, ते बाहेर आलं. तरी कुणी कुणाला रागावलं नाही.

मी खुशीत खाली गेले, म्हटलं टोपड्याला फडकं मारावं. तर काय, बरोब्बर मधोमध भोक. करंगळीचं टोक जाईल एवढं. रेक्झिनही गेलंय आणि आतलं रबरही. उंदीर. पाइपाशेजारी बीळ आहे, मला आधीपासून संशय होता. इतक्या दिवसांची मेहनत माझी. उद्या सकाळी दुहेरी रेक्झिनचं ठिगळ लावते आणि वरून मेण ओतते, बघू मग कसा कुरतडतो.

हिचं पेन पुन्हा थांबलंय. "आई, ठिगळ नका लावू," म्हणते. का नको? "असू दे ना. नको." उंदराची बाजू घेणारी सून मी पहिल्यांदाच बघतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ठिगळाचं रेक्झिन कापलं. चष्मा लावला, टोपडं उजेडात धरलं.

हुशार उंदीर आहे. कुरतडून झाल्यावर त्याने भोकाच्या कडेने काज केलंय. एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला. शेवटी गाठ, वाटाण्याएवढी. माझी छोटी कात्रीही शिवणाच्या डब्यात उलटी ठेवलीय त्याने.

मी टोपडं मांडीवरून खाली ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तेलाचा डबा काढला. एका भोकावर बोट दाबून डबा वाकडा केला. धार बारीक झाली, मग थांबली. बोट उचललं, पुन्हा लागली. सूनबाई भाजी निवडत होती. तिने वर बघितलं नाही. ओट्यावर सांडलेलं तेल पुसलं आणि बाहेर आले.

ठिगळाचं रेक्झिन ठेवून दिलं. ते वाकडं काज उसवलं, सगळे टाके काढले, आणि नीट केलं, मी करते तसं. भोक होतं तेवढंच ठेवलं. पाइपाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वरून एक छोटा झाप शिवला, एका बाजूने उघडा. पाणी बाहेरच्या बाहेर ओघळेल आणि हवा खालून, झाकणातून टाकीत जाईल-येईल.

दुपारी मुलगा बघून म्हणाला, "आई, हे भोक कसलं?"

म्हटलं, "पहिल्यापासून आहे. तुझं लक्ष कधी असतं?"

त्याने सूनबाईकडे बघितलं. ती भाजीच निवडत होती, सकाळची तीच जुडी.

आता लिही, भोक पहिल्यापासून होतं. थांबू नकोस, लिही. आणि त्याखाली लिही, उद्यापासून दुपारी शाळेतून आलीस की अर्धा तास माझ्याजवळ बसायचं, काज शिकायला. एवढं मोठं काम केलंस आणि टाके असले.